काकींचं दुकान, तळमजला

बातमी मला धाटावला, कंपनीत कळली. जेवणाची सुट्टी संपत आली होती, डबा धुऊन मी कँटीनबाहेर उभा होतो, तेवढ्यात घरून सविताचा, माझ्या पत्नीचा, फोन आला. "इंदूकाकी गेल्या," ती म्हणाली. दवाखान्यात होत्या का, असं मी विचारलं. "नाय ओ, दुकानात. खुर्चीवरच. गिऱ्हाईक साखर मागून उभं राहिलं, त्याला वाटलं डोळा लागलाय…" मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून रोह्याहून पेणची एसटी धरली. वाटभर वाईट वाटत होतंच, पण त्याच वेळी छाती अभिमानाने भरूनही येत होती. लिहायला जरा संकोच वाटतो, पण खरं तेच सांगतो. काकींनी ज्या जागेवर डोळे मिटले, ती जागा त्यांना कधीच मिळणार नाही असं आळीतला प्रत्येक माणूस म्हणत होता. त्यात मीही होतो.

आमची आळी पेण शहरातली असली तरी तिचं वळण गावाचंच. कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाच्या नळाला पाणी नाही, हे सांगावं लागत नाही. आळीच्या तोंडाशी काकींचं कौलारू किराणा दुकान होतं. काकी रोहे तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या, तरुणपणीच नवरा गेला, आणि पुढे त्या दुकानावरच त्यांनी मुलाला, प्रमोदला, वाढवलं. प्रमोद डोलवीच्या कारखान्यात लागला तेव्हा आता दुकान बंद होणार असं लोकांना वाटलं. काकींनी उलट दुकान अर्धा तास लवकर उघडायला सुरुवात केली, कारण पहिल्या शिफ्टच्या माणसांना बिस्किटाचा पुडा आणि काडेपेटी कुठे मिळणार? बोलायला फटकळ. उधारी मागणाऱ्याला "बाबाला पाठव तुझ्या" म्हणायच्या आणि तो वळला की हाक मारून पुडी हातात द्यायच्या.

दुकानाची जागा काकी आणि त्यांचे ठाण्याचे दीर यांच्या समाईक नावावर होती. मागच्या भिंतीला पोट आलं होतं, वासे पोखरले होते. दिरांनी बिल्डर आणला. चार मजले, बारा फ्लॅट, तळाला पुढच्या बाजूस गाळा. काकी या इमारतीच्या आड आल्या असं पुष्कळजण समजतात, ते चूक आहे. "कौलं शाकारायला आता माणूस मिळत नाय. बांधा की! पण माझं दुकान खाली, आळीकडं तोंड करून," एवढंच त्यांचं म्हणणं. बिल्डर तोंडी हो म्हणाला. मग कराराचा मसुदा आला आणि काकी तो पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. मला असले कागद पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची सवय आहे. मागच्या बाजूला एक अट होती. ताबा देतेवेळी किराणा व्यवसाय परवान्यासह चालू असेल तरच पुढचा गाळा काकींना, नाहीतर त्याऐवजी मागच्या अंगाचा एक फ्लॅट. बांधकाम दोनेक वर्षं चालणार. तेवढ्यात दुकान बंद पडेल आणि रस्त्यावरचा गाळा दुसऱ्या कोणाला तरी चढ्या भावात विकता येईल, असा सरळ हिशेब होता.

मी तो त्यांना समजावून सांगितला. आळीत रिकामा गाळा एकही नव्हता. बिल्डर स्टेशनकडे जी खोली द्यायला तयार होता तिथवर आळीतली म्हातारी माणसं चालत गेली नसती. प्रमोद म्हणाला, "आई, फ्लॅट घे आणि आता आराम कर."

"आराम करून काय करू? भिंतीकडं बघू?"

मी म्हटलं, अट काढायला लावू, नाहीतर सही करू नका. काकींनी मसुदा परत पिशवीत घातला. "राहूंदे ती अट. दुकान बंद पडलं तर गाळा मागायला मला तरी तोंड राहील का रे?" मग त्यांनी विचारलं, "सुधीर, चालू म्हणजे काय काय लागतं? शटर लागतं?"

"शटर लिहिलेलं नाही. परवाना हवा आणि विक्री हवी."

"मग झालं तर!"

त्यांनी काय ठरवलंय ते मला सामान हलवायच्या दिवशी कळलं. तांदूळ आणि डाळी आमच्या पडवीत आल्या. तेलाचे डबे आणि गूळ शेजारच्या घरात, साबण-उदबत्त्या समोरच्या जिन्याखाली. पिठं आणि पोहे आळीतल्याच मधूदादांच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात, कारण तिथे कोरडा माळा होता. काकी स्वतः आमच्या ओटीवर तराजू घेऊन बसल्या आणि परवान्यावर तात्पुरता पत्ता आमच्या घराचा लागला. गिऱ्हाईक आलं की काकी पैसे घ्यायच्या आणि कुठून काय द्यायचं ते ओरडून सांगायच्या. "मधू ऽऽ, एक किलो पोहे, जाडे!" मग गिऱ्हाईक पोह्यांसाठी मधूदादांकडे, तेलासाठी शेजारी, साबणासाठी जिन्याखाली. प्रत्येक दारात दोन शब्द बोलणं आलंच, कुठे चहाही. माझ्या कंपनीतल्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असं दुकान आठवडाभर टिकलं तर मला सांग." मला त्याचं पटत होतं. पण आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा गेला, आणि लोक येतच राहिले. उलट पूर्वी जे नुसते पुडी घेऊन जायचे ते आता सगळी आळी फिरून जाऊ लागले.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मात्र सगळं मोडायची वेळ आली. त्या दिवसांत पेणमध्ये कारखानदाराला जेवायला फुरसत नसते. मधूदादांच्या एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाईल, दारात मुंबईचा टेम्पो उभा. अशात आळीच्या टोकाला राहणाऱ्या वेणूताई संकष्टीच्या मोदकांसाठी तांदळाचं पीठ घ्यायला गेल्या. वेणूताई म्हणजे या फिरत्या दुकानाच्या पहिल्या विरोधक. "हायवेच्या मार्टात सगळं एका छपराखाली मिळतं, इथं काय परिक्रमा करायची?" असं त्या काकींच्या तोंडावर म्हणत. मधूदादांनी गडबडीत डबा उघडला, पिशवी भरली आणि दिली. तासाभराने वेणूताई कमरेवर पातेलं घेऊन आमच्या ओटीसमोर उभ्या. पातेल्यात कलथा सरळ उभा होता आणि तो कोणाच्या बापाच्यानेही हलला नसता. मधूदादांनी पिठाऐवजी प्लास्टरची पावडर दिली होती. उकड काढायला घेतली आणि तिचा दगड झाला.

"घ्या काकी तुमचं पीठ! मोदक राहूंदेत, आता ह्याचाच गणपती घडवा!"

आळी हसली. हसले नाहीत ते दोघंच, काकी आणि साइटवरचा बिल्डरचा मॅनेजर. त्याने मोबाईलवर पातेल्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "खाण्याच्या मालात प्लास्टर! बाई, लेखी तक्रार द्या, पुढचं मी बघतो." तक्रार गेली तर परवाना अडकणार आणि परवाना अडकला की गाळा गेला, हे मला, त्याला आणि काकींना, तिघांनाही ठाऊक होतं. मधूदादा रडकुंडीला आले. "काकी, चूक माझी हाय, मी लिहून देतो."

"तू गप. हात कोणाचा का असेना, माल माझा हाय." काकींनी तराजू माझ्याकडे दिला, नवं पीठ स्वतः चाळून घेतलं, चिमूटभर तोंडात टाकून बघितलं आणि वेणूताईंच्या मागोमाग त्यांच्या घरी गेल्या.

पुढचं त्यांच्याबरोबर गेलेल्या सविताने पाहिलेलं. काकींनी पदर खोचला, उकड काढली आणि मोदक वळायला बसल्या. वेणूताई आधी दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "कळ्या जवळजवळ घ्या जरा." काकी म्हणाल्या, "आमच्या रोह्याकडं अशाच घेतात." "हे पेण हाय!" "व्हय? मग बस की खाली, दाखव तुझं पेण!" आणि वेणूताई बसल्या. मॅनेजर कोरा कागद आणि पेन घेऊन आला तेव्हा दोघींचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि पारीची जाडी किती असावी यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. "कसली तक्रार?" वेणूताई त्याच्यावर कडाडल्या. "पातेलं माझं, पीठ मी आणलेलं. तुमचं काय बिघडलं ओ? मोदक खायचा तर बसा, नायतर वाट धरा."

त्याने मोदक खाल्ला की नाही यावर आळीत दोन मतं आहेत. तक्रार मात्र झाली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूताई आमच्या ओटीवर हजर. "पिठाचे डबे आता माझ्याकडं येतील. मधूच्या हातात परत पीठ द्यायचं नाय." काकींनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला… लढाई तिथेच जिंकली होती.

ताब्याच्या दिवशी बिल्डर वकिलाला घेऊन आला. मी परवाना आणि बाकीचे कागद क्रमाने लावून बसलो होतो. वकिलाने ते तपासले. बिल्डर इकडेतिकडे बघत म्हणाला, "कागद ठीक आहेत हो. पण दुकान कुठे आहे?" काकी ओटीवरून उठल्या नाहीत. आळीत त्या वेळी कोणी तेल घेत होतं, कोणी गूळ, वेणूताई दारात बेसन मोजत होत्या. "साहेब," काकी म्हणाल्या, "तुम्ही दुकानात उभे हाव."

आधी वकील हसला. मग बिल्डरही. गाळ्याची चावी काकींच्या हातात त्याच दिवशी आली, आणि मुहूर्त वगैरे न बघता त्यांनी शटर वर केलं. सामान हलवायला अख्खी आळी आली होती. मी गाळ्याची मापं कराराशी ताडून पाहिली, बरोबर भरली. नव्या गाळ्यात त्यांना जेमतेम एक वर्ष मिळालं. ते थोडं म्हणावं का? मला तसं वाटत नाही. त्या वर्षात त्या रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी शटर वर करत आणि समोरच्या रस्त्याकडे असं बघत, की जणू रस्ताही करारात लिहून घेतलाय.

त्या गेल्यावर सुतकात दुकान बंद होतं. सांत्वनाला आलेल्यांपैकी एकाने प्रमोदला बाजूला घेऊन गाळ्याला गिऱ्हाईक असल्याचं सुचवलं. उत्तर त्याच्या बायकोने, स्नेहलने, दिलं. ती डोलवीला ठेकेदाराकडे ऑफिसात कामाला होती. "मी काम सोडलंय," ती म्हणाली, "दुकान मी बघणार." दहावं झाल्यावर तिने वडीलधाऱ्यांना भीत भीत विचारलं, इतक्यात उघडलं तर चालेल का? कोणी काही बोलायच्या आत वेणूताई म्हणाल्या, "काकीला आळी उपाशी ठेवलेली चालली असती का? उघड गो."

परवा संध्याकाळी मी तूरडाळ घ्यायला गेलो होतो. बिल्डरने इमारतीवर मोठ्या सोनेरी इंग्रजी अक्षरांत नाव लावलंय, ते मला अजून नीट पाठ नाही. तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, पनवेलकडचं तरुण जोडपं. काकींना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यातला मुलगा गॅलरीत उभा राहून फोनवर कोणाला तरी रस्ता सांगत होता, बहुतेक पार्सलवाल्याला. सोनेरी नाव त्याने एकदा सांगून पाहिलं, पलीकडच्याला ते सापडेना. मग वैतागून तो मोठ्याने म्हणाला, "अहो, बिल्डिंगचं राहू द्या. आळीत शिरा आणि काकींचं दुकान विचारा, कोणीही सांगेल. त्याच्यावरच राहतो आम्ही… नाही नाही, बंद कशाला असेल? उघडंच असतं ते."