डेकवरून निसटलेलं इष्टलिंग

देवानं मला समुद्रावर कशाला आणलं, असा प्रश्न मला बोट सुटल्यापासून पडला होता. लोहाऱ्यात माझं किराण्याचं दुकान. ओढ्याला पाणी आलं तरी काठावरूनच नमस्कार करणारा मी माणूस! पण आमच्या लिंगायत मठाचे स्वामी, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, आफ्रिकेला निघाले. आमच्याकडची काही कुटुंबं तिकडं रेल्वेच्या कामाला गेली होती. लेकरं मोठी झाली, पण त्यांना दीक्षा देऊन गळ्यात इष्टलिंग बांधायला तिकडं गुरू नव्हता. त्यासाठी अप्पांसोबत आम्ही चौघं निघालो, स्वयंपाकाला मी.

सोलापुरापर्यंत बैलगाडी, मुंबईपर्यंत आगगाडी, तिथवर मी मोठ्या रुबाबात होतो. बोटीनं पाण्याचा पहिला हेलकावा खाल्ला आणि रुबाब उलटीवाटे बाहेर पडला. स्वयंपाक कसला, चार दिवस इतरांनीच मला भाताची पेज पाजली.

लिंगपूजा झाल्याबिगर आम्ही तोंडात पाणीसुद्धा घेत नाही. घरी पाटावर बसून डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं आणि उजव्या हातानं पाणी घालायचं, ही जन्माची सवय. बोटीवर मी तसाच बसलो. कशाला तरी टेकून बसावं, एवढी अक्कल सुचली नाही. एका सकाळी बोट अशी कलली, की मी दोन्ही हातांनी कठडा धरला. जीव वाचवायला हात आपोआप धावले, आणि तळहातावरचा देव घरंगळत गेला. सगळ्यांनी डेक धुंडाळला. समुद्रातच गेला, असं ठरलं.

मी अन्नपाणी सोडलं. अप्पा जवळ येऊन बसले.

"अरे, पेटीत लिंगं आहेत. त्यातलं एक बांधतो तुला."

"अप्पा, ती लेकरांची हायेत. जितकी लेकरं तितकीच आणलीत. कुण्या लेकराला न्हाय म्हणायचं तुमी?"

"आणि तुझ्या जिवाला काय झालं म्हणजे?"

अप्पांचे डोळे भरून आले, पण त्यांनी बळजबरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी घसा वाळून लाकूड झाला. लई राग आला देवाचा. तुझ्या कामाला निघालो आणि तूच हात सोडून गेलास व्हय, असं मनात भांडलो. भांडून भांडून थकलो. मग म्हणालो, 'शिवा, ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने. तुझं तू बघ.' एवढं म्हणालो आणि कसं कोण जाणे, डोळा लागला.

दुपार कलता कुणीतरी मला हलवलं. डेक धुणारा एक खलाशी होता, कोकणातला मुसलमान. त्यानं पुढं केलेल्या स्वच्छ रुमालात माझं लिंग होतं! जाड दोराच्या वेटोळ्यात अडकलं होतं म्हणे.

"चाचा, तुमचा देव काय हो? रोज बघतो तुमची पूजा. म्हणून हात नाही लावला, रुमालातच घेतला."

मी लेकरासारखा रडलो. त्यानं पाठीमागून खांदे धरले, तेव्हा कुठं माझी पूजा झाली. साखरेचा प्रसाद आधी त्याच्यापुढं केला, तर तो हसून म्हणाला, "आज रोजा आहे माझा. दिवस बुडाल्यावर घेईन."

भांड्यातलं पाणी माझ्या ओठापाशी आलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"वेडा आहेस का?" अप्पा म्हणाले.

"ज्यानं देव आणून दिला, तो उपाशी हाय, अप्पा. एवढा वेळ काढला, अजून थोडा काढू."

मघाशी हट्टानं सोसलेली तहान आता गोड वाटत होती. तो काम उरकून आला. दिवस बुडाला. त्यानं मला खजूर दिला, मी त्याला साखर दिली, आणि एकाच तांब्यातलं पाणी आम्ही दोघं प्यालो.

पुढं आफ्रिकेत एकाही लेकराचा गळा रिकामा राहिला नाही. देव मी सांभाळतो, ही माझी घमेंड त्या बोटीवरच उतरली. तो कुणाच्या हातून परत येईल, हे ठरवणारा मी कोण? आपण हात पसरून बसावं, आणि आणणाऱ्याला जात न विचारता आधी पाणी द्यावं.