चंपाचा टाक

विमलाबाईंचं सगळं आयुष्य एका मेलेल्या बाईशी भांडण्यात गेलं, आणि रोज सकाळी पूजाही तिचीच करावी लागली.

धर्माजी बिजवर. लग्नात सासूने मंगळसूत्राच्या जोडीला सवतीचा टाक गळ्यात अडकवला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली पहिली बायको, चंपा. तिचा फोटो कुठेच नव्हता. पण रत्नागिरीच्या सोनाराने तिला पाहिलेलं, मेल्याने चेहरा हुबेहूब उतरवला. "आधी तिला नैवेद्य, मग तू जेव. नाहीतर सवत छळते," सासूने बजावलं. सवतीची गरजच काय होती? छळायला धर्माजी होते की. उठता-बसता चंपाचं कौतुक ऐकून विमलाबाईंचे कान किटले. चंपाचा तीन वर्षांचा अमोल तर त्यांना मावशी म्हणाला तो कायमचाच.

सिल्व्हर पार्कातल्या फ्लॅटात बिऱ्हाड आलं तसा टाक गळ्यातून देव्हाऱ्यात गेला. दर अमावास्येला देव घासताना बाकीच्या देवांना चिंच लागायची. चंपाला विटेची भुकटी.

परवा अमोल बेव्हर्ली पार्कच्या आपल्या घरून तणतणत आला. त्याची मुलगी सान्वी कॉलेजात प्राचीन कला शिकतेय. दोन हजार वर्षांपूर्वी लोक घरात पुजायचे त्या बोटभर मातीच्या देवींवर तिचा प्रोजेक्ट. आपल्या घरात असं काय आहे, असं तिने विचारलं आणि याला आई आठवली. लहानपणी टाक मावशीच्या पदराआड, पुढे हळदीकुंकवाखाली. नीट बघायचं राहूनच गेलेलं.

"माझ्या आईचा टाक दे. तुला ती कधी सहन झालीच नाही."

"ने की. माझी पीडा टळेल."

अमोलने टाक खिडकीशी नेला. अंगठ्याने कुंकू पुसलं, उलटा केला, परत सुलटा केला. दोन्हीकडे नुसता गुळगुळीत पत्रा.

"तोंड कुठाय हिचं?"

"घासलं. चाळीस वर्षं घासत होते."

तो सोफ्यावर बसला. पंचेचाळिशीचा माणूस, पत्र्यावरून परत परत अंगठा फिरवत राहिला.

"मग सांग तरी, मावशी. कशी दिसायची?"

विमलाबाईंना रेघ न् रेघ पाठ होती. बसकं नाक, जुळलेल्या भुवया, हनुवटीवरची खळी. सगळंच्या सगळं समोर सोफ्यावर बसलं होतं. तुझ्यासारखी, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही बाबा आठवत," त्या म्हणाल्या, आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेल्या.