दुपट्ट्याखालचा हात

भाऊसाहेबांनी आधी आपल्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळला. बोटांपर्यंत, घट्ट. मग वर दुपट्टा पसरला आणि मला म्हणाले, "आण हात. करून टाकू सौदा."

समोर त्यांचे व्याही बसले होते. खुर्च्यांवर. मी ओट्याच्या कडेला.

मी बैलांचा व्यापारी. काटोलकडच्या बाजारात आमच्या धंद्याची एक रीत आहे. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरतात. कुठलं बोट, कसं दाबलं, त्यावर भाव ठरतो. भोवतीच्यांना काही दिसत नाही. पण कातडीला कातडी लागावी लागते. नाहीतर बोटं बोलत नाहीत.

भाऊसाहेबांनी माझ्याकडून कितीतरी जोड्या घेतल्या. दरवेळी याच हाताने. उघड्या. मला त्याचा गर्व होता. गावचा सगळ्यात मोठा माणूस माझा हात धरतो! घरी येऊन आईला सांगायचो. आम्ही बौद्ध. आईने त्यांच्या गोठ्यात उभं आयुष्य शेण काढलेलं. ती भाकर थापता थापता म्हणायची, "दुपट्ट्याखाली धरते ना गा? वरतून धरू दे, मंग सांग मले."

मी चिडायचो. ताट सारून उठायचो. आई गेली, तरी तिचं बोलणं मला कळलं नव्हतं.

यंदा मी नागपूर जिल्हा परिषदेला अपक्ष अर्ज भरला. जागा खुली. भाऊसाहेबांचा मुलगाही उभा. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, म्हणून हे बोलावणं.

मी सौदेबाज माणूस. अटी ठरवूनच गेलो होतो. आमची ग्रामसभा दरवेळी भाऊसाहेबांच्या अंगणात भरते. आमच्या वस्तीची माणसं फाटकाबाहेर उभी राहून ऐकतात. बाया तर तिथंही नसतात. ती सभा पाळीपाळीने प्रत्येक वस्तीत भरावी. उपकेंद्रात नर्स रोज बसावी. शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा, म्हणजे ज्या पोराला चालता येत नाही तेही वर्गात जाईल. आलेला पैसा कुठं लागला ते गावासमोर वाचून दाखवावं. एवढं त्यांच्या मुलाने भरसभेत कबूल केलं, तर मी अर्ज मागे घेणार होतो. खुर्ची त्याला मिळो. मला खरंच वाटत होतं, ते ऐकतील. माझे भाऊसाहेब.

त्यांनी ऐकलं आणि व्याह्यांकडे वळून हसले. "पाहा, आमचा बैलवाला जिल्हा चालवाले निघाला!"

मग मला म्हणाले, "भाषण राहू दे. अर्ज मागं घ्याचे तुले किती पैसे पायजे ते बोटानं सांग."

आणि तो रुमाल.

"भाऊसाहेब, रुमाल कायले?"

"पाव्हणे बसले हायेत, दिसत नाही का तुले?"

"बाजारात तं नाही बांधत."

"बाजाराची गोष्ट अलग हाये. घरात काही रीतभात असते. चाल, आण हात."

किती सहज म्हणाले. राग नाही. पाणी मागावं तसं. शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. माझी जीभ अख्ख्या बाजाराला माहीत आहे. पण मी त्या रुमालाकडेच बघत राहिलो. इतकी वर्षं या माणसाने माझा हात धरलाच नव्हता. झाकला होता.

मी उठलो. "अर्ज मागं नाही घेत मी."

"मस्ती आली का बे? आपटशील."

"आपटू द्या."

घरी आलो. गोठ्यात गेलो. बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडलो, या वयात, मोठ्याने. आईला सांगायचं होतं. सांगायला आई नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुदत संपेपर्यंत तहसील कचेरीच्या आवारात बसून राहिलो. माझं नाव राहिलं.

आता मी दारोदार फिरतो. भाऊसाहेबांच्या गल्लीतही. जिंकलो तर पहिली सभा आमच्या वस्तीत. भाऊसाहेबांनाही बोलावणं जाईल, मानाने. सतरंजी सगळ्यांना एकच. हरलो तर त्यांच्या मुलाच्या प्रत्येक सभेला जाईन. मधोमध उभा राहीन. विचारीन, पैसा कुठं लागला? उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.