गंगव्वाचं माहेर

मामींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "सुमन, तुझे मामा गेले गं. आंघोळीचं पाणी काढून ठेवलं, हाक मारायला गेले तर…" मी मिळेल त्या एसटीनं नांदेडला निघाले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, दोन्ही बाजूंना हरभऱ्याच्या रानावर धुकं पडलेलं. मधे डोळा लागला आणि मला वाटलं, मी नऊ वर्षांची आहे, शेजारी आजी बसली आहे आणि नांदेडच्या स्टँडवर मामा आम्हाला न्यायला उभे आहेत. जाग आली तेव्हा लोहा मागं पडलं होतं. स्टँडवर कुणीच नव्हतं.

विश्वनाथमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. नांदेडला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. बोलणं कमी, अक्षर सुरेख. घरातल्या पत्रिका, लग्नाच्या याद्या, सगळ्यांचे अर्ज त्यांच्याच हातचे. पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुणाशी भांडण केल्याचं मला आठवत नाही. एकच गोष्ट त्यांनी हट्टानं केली. स्वतःच्या आजीचं माहेर शोधलं. त्या शोधाची सुरुवात झाली तेव्हा मी तिथंच होते.

बहात्तरच्या दुष्काळात चाकूरजवळच्या आमच्या गावच्या विहिरी तळाला गेल्या. मामांनी आजीला नांदेडला आणलं आणि लातूरहून मलाही तिच्याबरोबर बोलावून घेतलं. दोन खोल्यांचं घर, पुढं सामाईक नळ. गावाकडच्या बायकांच्या बातम्या येत. अमकी लेकरं घेऊन माहेरी गेली, तमकीला भाऊ गाडी जुंपून घेऊन गेला. एका सकाळी आजी जोंधळे निवडत होती. शेजारणीनं सहज विचारलं, "तुमचं माहेर कुठलं हो? तिकडं पाणी हाय का?" आजी निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला जायाला गाव न्हाई, बाई." मामा दारात बूट घालत होते. एक बूट पायात, एक हातात, तसेच थांबले…

आजीची आई गंगव्वा. आजी अंगावर पीत होती तेव्हाच ती वारली. पाठोपाठ वडील, मल्लप्पा, गेले. आजीला एका चुलतीनं वाढवलं आणि गावातच दिलं; तीही आजीच्या लग्नानंतर फार जगली नाही. राहिलं ते गंगव्वाचं माहेर, म्हणजे आजीच्या मामाचं घर. पण ते कुठलं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ती उदगीरकडची होती आणि कानडी बोलायची, एवढंच आजीच्या कानावर होतं. त्या दिवशी कचेरीतून आल्यावर मामा आजीपुढं बसले. "आई, तुझ्या मामाचं घर मी हुडकतो," म्हणाले. आजी म्हणाली, "आता कशाला रे? कोण असंल तिथं?" पण दुसऱ्या दिवशी नळावर ती शेजारणीला सांगत होती, "आमचा विश्वनाथ हुडकून राहिलाय."

हुडकणं सोपं नव्हतं. आमचं गाव जागचं हललं नाही, पण त्याचा जिल्हा बदलत गेला. निजामाच्या वेळी बीदर, मग उस्मानाबाद. कागद जिथल्या तिथं राहून गेलेले, तेही उर्दूत. मामांना उर्दू येत नव्हतं. उदगीरचे एक निवृत्त शिक्षक, सय्यद मास्तर, त्यांना वाचून दाखवायचे. सुट्टी मिळाली की मामा उदगीर गाठायचे आणि तिथून दोघं मिळून कुठल्या ना कुठल्या कचेरीत जायचे. मास्तर पानावर बोट फिरवत वाचत. पुरुषाच्या नावापुढं 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढं 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको. गंगव्वाही सापडली. 'गंगव्वा जौजे मल्लप्पा.' तिच्या बापाचं नाव कुठंच नाही. मास्तर चष्मा काढून म्हणायचे, "समद्या बायका जौजेच हायत, भाऊ. लेक कुणीच न्हाई."

अशी दहाएक वर्षं गेली. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. गावभर मिरवणुका, गुलाल. मामांना मात्र आनंद वेगळाच झाला होता. जुने कागद आता लातूरला येणार, गठ्ठे सुटणार, लावले जाणार. रजा काढून ते आमच्याकडे येऊन राहिले, मास्तरांनाही घेऊन आले. सकाळी भाकरी बांधून दोघं जायचे, संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन परतायचे. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते. एके दिवशी शाळेतून आले तर दोघं ओसरीवर बसलेले. मामांच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर त्यांनी कागदातली ओळ उतरवून घेतली होती. 'गंगव्वा दुख्तर…' दुख्तर म्हणजे लेक. भावानं बहिणीला जमिनीचा तुकडा दिल्याचा कागद होता तो. नवऱ्याचं नाव मल्लप्पा, गाव आमचंच. माहेरचं गाव उदगीरच्या पुढचं, स्पष्ट लिहिलेलं. पण दुख्तरनंतरचा भाग वाळवीनं खाल्लेला. कुणाची लेक, ते नव्हतं. भावाचं नावही त्यातच गेलेलं.

त्या गावात गंगव्वा नावाच्या लेकी दोन घरांत झाल्या होत्या. एक घर बसलेलं, त्यात कुणीच नव्हतं. दुसऱ्यात शिवरुद्रप्पा होते, पन्नाशी उलटलेले शेतकरी, कपाळावर विभूती. मामांनी आपली ओळख सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझी एक आत्या गंगव्वा होती. तिकडं चाकूरच्या अंगाला दिल्ती. कुठल्या गावात, ते बापूंनी कधी सांगितलं न्हाई. काय झालं असंल, ठाऊक न्हाई. पण पंचमीला जेवताना ते एक घास ताटाच्या कडंला ठेवायचे." मामांना तेवढं पुरलं.

त्या वर्षी पंचमीला शिवरुद्रप्पा नांदेडला आले. आजी तेव्हा साठीच्या पुढं. ते उंबऱ्यातच थांबले आणि म्हणाले, "अक्का, मी तुझा मामेभाऊ." आजीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग मामांकडं. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिनं लुगडं बदललेलं होतं, माहेरचं माणूस आल्यावर बदलावं तसं. त्यांनी आणलेली चोळी तिनं मांडीवर घेतली, उलगडली, घडी घातली, पुन्हा उलगडली… आणि विचारलं, "तुमच्याकडं पाणी कसंय?" मामा उठून मागच्या दारी गेले. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला मामा मिळाला होता.

पुढं दरवर्षी शिवरुद्रप्पा येत. चोळी, बांगड्या, रानातल्या भुईमुगाची पिशवी. आजी महिनाभर आधी म्हणायला लागायची, "माझा भाऊ यायचाय."

याच्या पुढचं मला माहीत नव्हतं. मामा जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. दुपारची वेळ, मामी पडलेल्या. मामा खिडकीशी बसून होते. मधेच म्हणाले, "सुमन, ते घर आपलं नव्हतं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. शिवरुद्रप्पा यायला लागून तीन वर्षं झाली होती. सय्यद मास्तर कशाला तरी बीदरला गेले असता त्याच कागदाची नक्कल त्यांच्या हाती लागली. अख्खी, वाळवी न लागलेली. तिच्यात गंगव्वाच्या बापाचं नाव होतं आणि भावाचंही. ती दुसऱ्या घरातली होती, त्या बसलेल्या घरातली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मास्तर म्हणाले, जाऊ द्या. मला झोप येईना. दुसऱ्याचा भाऊ आईला दिला असं वाटायला लागलं. गेलो गावी आणि सांगून टाकलं."

शिवरुद्रप्पा रानात होते. कागद ऐकून बांधावर बसले. म्हणाले, "म्हंजे माझी आत्या अजून हरवलेलीच हाय." मामा म्हणाले, "हाव." तोवर मामांना आपल्या आईचं काय जाईल एवढंच दिसत होतं. या माणसाचंही काही जाईल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना मान वर करवेना. मग शिवरुद्रप्पा उठले, धोतर झटकलं. "विश्वनाथ, अक्काला सांगू नको. पंचमी चार दिसांवर आली."

आणि चार दिवसांनी ते चोळी घेऊन आले. त्यानंतर आजी अकरा वर्षं जगली, अकरा वेळा ते आले. ती गेली तेव्हा शेवटचं लुगडं त्यांनीच आणलं, माहेरचं. मामांनी कुणाला सांगितलं नाही, मामींनाही नाही, असं ते म्हणाले. मी विचारलं, "आजीला कधी शंका आली असेल?" ते म्हणाले, "काय म्हाईत… एकदा म्हणाली होती, भाऊ माझ्यासारखा दिसत न्हाई, पण बसतो माझ्यासारखा."

शिवरुद्रप्पा आता नाहीत. मामांच्या मातीला त्यांचा मुलगा आला होता. आमच्या रीतीप्रमाणं समाधीच्या खड्ड्यात मामांना बसवलं तेव्हा, मामाकडचा माणूस म्हणून, पहिली मूठ टाकायला लोकांनी त्याला पुढं केलं. तो माझ्याकडं बघत क्षणभर थांबला. त्याला काही ठाऊक आहे की नाही, मला कळलं नाही. मी मान हलवून हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा नांदेडला गेले. मामांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवलेला आहे. मी तो पहिल्यांदाच पाहिला. आमच्या घराण्याची वंशावळ, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात. एकाही बाईपुढं 'अमक्याची बायको' लिहिलेलं नाही. प्रत्येक बाई कुणाची लेक, ते लिहिलंय. गंगव्वाच्या नावापासून दोन रेषा निघतात. एक पेन्सिलीची, ती त्या बसलेल्या घराकडं जाते आणि तिथं थांबते. दुसरी शाईची, ती शिवरुद्रप्पांच्या घराकडं जाते, तिथून त्यांच्या मुलाकडं, नातवंडांकडं. सगळ्यात खालच्या पणतीचं नाव तर या दिवाळीत ठेवलेलं. शाई अजून गडद आहे.

मामी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता विचारतील आणि मला सांगावं लागेल. मी दार लोटायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या. "मला समदं ठाऊक हाय. ते झोपेत बोलायचे." मग त्यांनी पेन्सिलीच्या रेषेवर बोट ठेवलं आणि उचलून शाईच्या रेषेवर आणलं. "हितनं गेलं की घर लागतं. जेवल्याबिगर येऊ देत न्हाईत."