पाटीवरच्या दोन कोऱ्या जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बदलापूरला कात्रपच्या आमच्या बिल्डिंगच्या पाटीच्या यादीतून शेजाऱ्यांचं एम.ए. मी खोडलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बिल्डिंग नवी, सोसायटी नवी, हौस नवी. जिन्याखाली सगळ्यांच्या नावांची इंग्रजी पाटी लावायचं ठरलं आणि अख्खी मीटिंग एकाच गोष्टीवर गेली: काय मोठ्या अक्षरांत आणि काय बारीक. तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "हेडक्लार्क कॅपिटलमध्येच पाहिजे. रिटायर्ड बारीक लिहा, दिसलं नाही तरी चालेल." शेवटी ठरलं, डिग्री मोठी, हुद्दा बारीक. उल्हासनगरचा सिंधी पेंटर मान हलवत म्हणाला, "साईं, घर तो नौकरी से चलता है, और नौकरी ही छोटी?"

सेक्रेटरी मी, त्यामुळे यादी माझ्याकडे. कोणी डिप्लोमा दिला, कोणी आयटीआय, एकाने तर नुसतं 'इंटर' दिलं. कोरा राहिलो मी एकटा. लग्न ठरताना मी बी.कॉम. सांगितलं होतं. शेवटच्या वर्षाला दोनदा बसलो आणि दोन्हीदा आपटलो, हे सांगितलं नव्हतं. तोंडाने बोललेलं विरून जातं, रंगाने लिहिलेलं कोणीतरी रोज वाचतं. म्हणून म्हटलं, "माझं राहू द्या, मला मिरवायला आवडत नाही." बायकोला केवढं कौतुक वाटलं त्याचं.

हे शेजारी अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळ्या करून बाहेरून एम.ए. झालेले. त्यांची आई अंबरनाथलाच बुवापाड्यात धाकट्या मुलाकडे राहायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण एम आणि ए ही दोन अक्षरं तिने लेकाकडून गिरवून घेतली होती. पाटी लागली की तिला ती स्वतः वाचायची होती. नाव देताना शेजाऱ्यांनीच हे मला हसत हसत सांगितलं.

यादी पेंटरला देण्याआधी मी पुन्हा वाचली. त्यांच्या नावाखालीच माझं नाव. वर एम.ए., खाली कोरं. एकट्याचं कोरं दिसलं तर लोक विचारतील. दोघांचं दिसलं तर दोघेही साधे ठरतील. पेन हातातच होतं.

पाटी लागल्यावर रविवारी त्यांची आई आली. पाटीवरून बोट फिरवत लेकाच्या नावापाशी थांबली, मग माझ्याकडे वळली. "बाबा, यात माझ्या लेकाचं येमे कुठं हाय?"

"राहिलंय मावशी. पेंटर येणार आहे पुन्हा."

"मग येईन मी परत," म्हणाली.

चार-पाच वेळा तरी आली. दर वेळी तेच बोट, दर वेळी माझा तोच पेंटर. शेवटी शेजारीच मला जिन्यात म्हणाले, "आता पेंटरला त्रास देऊ नका. कारण मला माहीत आहे."

त्यांना माहीत असलेलं कारण वेगळं होतं. बिल्डिंगमध्ये बौद्धांचं घर त्यांचं एकच. मी म्हणू शकलो असतो, अहो, तसं नाही, मी नापास आहे म्हणून खोडलं. तसं म्हणालो नाही. माझी अब्रू त्यांच्या गैरसमजापेक्षा मला मोठी वाटली. आणि दुसऱ्या कोणाचं एम.ए. मी इतक्या सहज खोडलं असतं का, हे स्वतःला विचारायलाही मला पुष्कळ वर्षं लागली. उत्तर चांगलं नाही.

पुढे ते बदलापूर पश्चिमेला राहायला गेले. त्यांची आई गेल्याचं कळलं तेव्हा भेटून आलो, चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो, उठलो. बिल्डिंगला रंग काढला तेव्हा ती पाटीही उतरली.

त्यांच्या आईला आता काही देता येणार नाही. त्यांना खरं कारण सांगणं मी देणं लागतो, आणि त्याआधी घरात बायकोला.