बसवदादाचा पार

बसवदादा गेला त्या सकाळी मी त्याला शिव्या घालत होते. आमच्या पारावर लातूर बंद दिसत होतं. पार म्हणजे शिरूर अनंतपाळहून चहूकडं पांगलेल्या आम्हा भाऊबंदांचं स्वतःचं समाजमाध्यम. त्याचा एक कॉम्प्युटर माझ्या या चुलतभावाच्या लातूरच्या पेंडीच्या दुकानात, दुसरा उदगीरला आत्याच्या घरी, तिसरा किनवटला माझ्याकडं. तिन्ही स्वतंत्र, पण एकमेकांशी बोलणारे. एकावर लिहिलेलं बाकीच्यांवरही उमटायचं. दादा अधूनमधून न सांगता आपला कॉम्प्युटर बंद करायचा आणि फोनही उचलायचा नाही. बाकीचे दोन निभावतात का, ते त्याला बघायचं असायचं. वर म्हणायचा, "मी मेल्यावर शिकणार हाव का तुमी?" त्या दिवशीही त्यानं फोन उचलला नाही, तेव्हा मी चिडून पारावर लिहिलं, ‘दादा, पुरे झाली परीक्षा.’ त्याच्या खालीच उदगीरच्या कॉम्प्युटरवरून फोटो आला... दादा बसलेला, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग.

आम्ही लिंगायत गेलेल्या माणसाला बसवून माती देतो. लांबच्यांना अंत्यदर्शन व्हावं म्हणून असा फोटो टाकायची रीत मोबाइल आल्यावर आपोआप पडली. तेव्हा आमचा सगळा गोतावळा एका बड्या कंपनीच्या समाजमाध्यमावर होता. आई गेली तेव्हा मी किनवटच्या आश्रमशाळेत शिकवत होते, वसतिगृहातल्या मुली तापानं फणफणल्या होत्या, निघता आलं नाही. आईचं शेवटचं तोंड मी फोटोतच पाहिलं. पुढं कधीतरी कंपनीच्या यंत्राला आमचे हे फोटो विपरीत वाटले आणि अख्खा गट बंद झाला. लग्नं, बारशी, जावळं, आई... सगळं गेलं. आईचा फोटो ज्या फोनवर काढला होता, तो केव्हाच मोडीत गेला होता. अर्ज केले, त्यांना उत्तरंही यंत्राचीच आली.

मी रडत बसले, दादा मात्र पेटला. "आपल्या मढ्यानं कसं बसावं हे बी आता कंपनीला इचारायचं?" पॉलिटेक्निकात शिकलेलं सगळं त्यानं पुन्हा उकरून काढलं आणि पार उभा केला. भाऊबंद हसले. दुकान सोडून हे काय खूळ, कंपनीचं फुकट आहे, मोठं आहे, कायम टिकणारं आहे! दादा म्हणायचा, "टिकंल की. पर त्यात आपण टिकू का, ते सांग."

खोटं कशाला बोलू, पारावरची बरीच पोरं कंटाळून कंपनीकडं परत गेली. आमच्याकडं कधी फोटो चढत नाही, कधी लाइट जाते. कंपनी आम्हा सगळ्यांना पुरून उरेलही. पण उद्या तिचं मन फिरलं तर आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं? आमच्या पाराचा कर्ताकरविता गेला, त्याचं यंत्र बंद पडलं आणि तरी त्याच्या जाण्याची बातमी त्याच्याच पारानं आमच्यापर्यंत आणली. हे मला भर बाजारात ओरडून सांगावंसं वाटतं.

मातीला गेले तेव्हा कळलं, दर्शनाला दुकानात झालेल्या गर्दीत दादाच्या पुतण्यानंच वायर काढली होती. दुकान भाड्यानं द्यायचं आणि कॉम्प्युटर भंगारात, असं तो म्हणत होता. दुकान त्यांचं, मी बोलणारी कोण?

गेल्या आठवड्यात सुवर्णावहिनीचा, दादाच्या बायकोचा फोन आला. याच वहिनीनं त्या ‘डबड्याच्या’ लाइटबिलावरून दादाशी हजारदा भांडण केलं होतं.

"माया, हे भंगारात दिलं तर ह्यांचा फोटो जाईल का गं?"

खरं सांगणं भाग होतं. "नाही वहिनी. उदगीरला आहे, माझ्याकडंही आहे."

मला वाटलं, संपलं. काही बुडू नये म्हणून दादा राबला, आणि काही बुडणार नाही म्हणूनच आता त्याचा कॉम्प्युटर जाणार. मला फार वाईट वाटलं.

"मंग माझा बी फोटो टाकायची येळ येईल तवा हितूनच टाका," ती म्हणाली. "भंगारवाल्याला लावलं म्या हाकलून. सांग, कुठलं बटण दाबू?"

मी सांगितलं. मग तिला खातं उघडून दिलं. थोड्या वेळानं पारावर नवं नाव दिसलं, आणि त्याच्यापुढं तिनं स्वतः टाइप केलेलं,

‘मी सुवर्णा. लातूर चालू हाय.’