माहेरच्या पाण्याची मध्यस्थी

मंगळवार पेठेतली रत्नव्वा शाळेतून निवृत्त झाली आणि मध्यस्थीचं शिक्षण घेऊन राजारामपुरीतल्या केंद्रात बसू लागली. मराठी-कानडी दोन्ही अस्खलित, आवाज कधी चढायचा नाही. सीमेकडच्या गावांचे तंटे तिच्याकडंच यायचे. पण वरली वाडी आणि खालली वाडी या दोन ग्रामपंचायतींचं प्रकरण आलं, तेव्हा तिनं आधीच सांगितलं, "खालली वाडी माझं माहेर. मी नको असंन तर आत्ताच बोला."

वरल्या वाडीचे सरपंच बाळासो म्हणाले, "मला शिकवलंय की तुम्ही. चालंल."

एका ग्रामपंचायतीच्या दोन झाल्या, पाण्याची टाकी मात्र एकच राहिली, तीही वरल्या वाडीच्या माळावर. उन्हाळ्यात वरच्यांनी खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घातलं. मग खालच्यांनी आपल्या वाडीतून जाणारा त्यांचा रस्ता अडवला. दुधाची गाडीसुद्धा सोडेनात.

बैठकीच्या दिवशी केंद्रात बाळासो तिच्याशी एकट्यानं बोलले. "एक दिसाआड पाणी सोडतो. पण आधी रस्ता मोकळा पायजे. आन् हे मी म्हणालो ते भाईर जाऊ देऊ नका. गावात मला जगू द्यायची न्हाईत."

रत्नव्वानं शब्द दिला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून खालल्या वाडीच्या सरपंच संयोगिता फोन हातात घेऊनच आल्या. "बाई, आमची माणसं घण घेऊन टाकीकडं निघाल्यात. वरची काठ्या घेऊन बसल्यात. म्होरं तुमचा भाऊ हाय."

रत्नव्वानं दोघा सरपंचांना एकाच गाडीत घातलं. वाटेत तिनं संयोगितांना विचारलं, "रस्ता सोडाल?"

"पाणी आलं तर."

पुढं बसलेल्या बाळासोंनी ऐकलं. खिशातली किल्ली त्यांनी चाचपली.

माळावर दोन्ही जमाव समोरासमोर उभे होते. मधे व्हॉल्व्हपाशी भरमाप्पा, खांद्यावर घण. बहिणीला बघून तो म्हणाला, "अक्का, एकच सांग. पाणी सुटणार का न्हाय?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. बोलली असती तर भावाचा घण खाली आला असता, पण बाळासोंना त्यांच्याच माणसांनी तिथंच फाडलं असतं.

"ते मी सांगायचं न्हाई, भरमा."

"माहेर तहानलंय, आन् तू गप?"

त्यानं घण उचलला. ती व्हॉल्व्हच्या आडवी उभी राहिली. बाळासोंकडं तिनं मान वळवली नाही. नुसतं बघणंसुद्धा सांगण्यासारखंच झालं असतं. वरच्या बाजूनं एक दगड आला आणि तिच्या पायाशी आपटला.

तेव्हा संयोगिता पुढं झाल्या. "रस्ता आजच मोकळा करतो. माझी जबाबदारी." त्यांच्याच माणसांत आरडाओरडा उठला. तरी त्या हलल्या नाहीत.

बाळासोंनी सावकाश खिशातून किल्ली काढली. "एक दिसाआड पाणी सुटंल." मागून कुणीतरी शिवी हासडली. त्यांनी वळून पाहिलं नाही, कुलूप उघडलं.

भरमाप्पानं घण टेकवला. "म्हंजे तुला आधीच म्हाईत हुतं," एवढंच बोलून तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात केंद्रात दोन्ही ग्रामपंचायतींच्या सह्या झाल्या. नागपंचमीला मात्र भाऊ माहेरी न्यायला आला नाही. रत्नव्वा एसटीनं आपली आपण गेली. ताटावर बसल्यावर त्यानं विचारलं, "त्या दिवशी कुणी मेलं असतं, तरी बोलली नसतीस?"

"म्हाईत न्हाई, भरमा. मी लई भ्यालते."

जेवण झाल्यावर त्यानं मोटारसायकल काढली आणि तिला स्टँडवर सोडलं. एसटी हलेपर्यंत तो तिथंच उभा होता.